एकाच नंबराचे दोन रिसीव्हर

आकारामकाकांनी आठ रविवार आबांना हाक मारली आणि आबांपर्यंत ती पोचली नाही. दोष माझा होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं सांगताना मी कारणं देत बसेन. कारणं द्यायची मला सवय आहे. मी सांगलीच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, आणि कुठलंही यंत्र बिघडलं की ते वापरणाऱ्याची चूक असणार असं धरून चालते.

आबा म्हणजे माझे वडील, लालासाहेब. लष्कराच्या सिग्नल्समधून सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि औंधला येऊन राहिले. आकारामकाका त्यांच्याच युनिटमधले. ते आटपाडीकडचे, घरची मेंढरं. दोघं एकाच बॅचला मोर्स, म्हणजे ठिपके-रेघांची तारभाषा, शिकले, एकाच तंबूत राहिले आणि निवृत्तीनंतर दोघांनी हौशी रेडिओचं लायसन काढलं. तेव्हापासून दर रविवारी सकाळी आठ वाजता औंध आणि आटपाडी एकमेकांशी बोलत. आई असताना ती म्हणायची, या वेळी घरात चोर आला तरी यांना कळणार नाही.

मग आबांचे कान गेले. डाव्या कानाशी ओरडलं तर ऐकू येतं, एरवी नाही. पुढच्याच वर्षी काकांना झटका आला. त्यांची वाचा गेली आणि उजवं अंग लुळं पडलं. एकाला ऐकू येईना, एकाला बोलता येईना. आता संपलं, असं आम्ही सगळे धरून चाललो.

पण काका डाव्या हातानं मोर्सची की दाबायला शिकले. आणि मी आबांच्या कॉम्प्युटरला पेनड्राइव्हएवढा एक रिसीव्हर लावून दिला. घराच्या छतावरची लांब तार त्याला जोडली. हा असला रेडिओ कानानं ऐकायची गरज नसते. कॉम्प्युटर हवेतले सिग्नल चित्रासारखे दाखवतो: एक निळा पडदा हळूहळू खाली सरकत राहतो आणि काकांनी की दाबली की त्यावर पांढरी खूण उमटते. आखूड दाबली तर ठिपका, लांब दाबली तर रेघ. आबा ते डोळ्यांनी वाचत. वाचून झालं की रिसीव्हरची तार खटका फिरवून तोडायची, म्हणजे तो जळत नाही, आणि जुन्या सेटवरून आपलं म्हणणं पाठवायचं. असं अर्धा तास चालायचं. मेंढरं, गुडघे, पाऊस, आणि हयात असलेल्या-नसलेल्या सगळ्या साहेबांची निंदा.

मी एकदा म्हटलं होतं, आबा, एवढा खटाटोप कशाला, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा की एकमेकांना.

"ते पत्र झालं," आबा म्हणाले. "ह्ये बोलणं हाय. आकारामचा हात मला वळकू येतो."

ते खरं होतं. काकांचा डावा हात रेघ जरा जास्तच लांबवायचा. शंभर माणसांत मला माझ्या नवऱ्याची शिंक ओळखू येणार नाही, पण आबांना ती रेघ ओळखू यायची.

गणपतीच्या सुट्टीत मी औंधला गेले ती स्वतःचं एक काम घेऊन. मला एक शोधनिबंध लिहायचा होता, त्यासाठी आकाशातून जाणाऱ्या विमानांचे सिग्नल महिनोन् महिने मोजायचे होते. सांगलीत माझ्या फ्लॅटच्या चारी बाजूंनी इमारती. औंधला आबांच्या गच्चीवरून आभाळ मोकळं. म्हणून तसलाच दुसरा रिसीव्हर मी आबांच्याच कॉम्प्युटरला लावला आणि त्याचा छोटा अँटेना गच्चीच्या कठड्यावर बांधला.

इथं एक गोष्ट समजून घ्यायला हवी. हे स्वस्तातले रिसीव्हर कारखान्यातून निघतात तेव्हा सगळ्यांच्या पोटात एकच नाव आणि एकच नंबर लिहिलेला असतो. एका घरात एकच असणार, असं बनवणाऱ्यानं धरलेलं असतं. दोन लावले की कॉम्प्युटरला कोणता कोण ते कळत नाही. पंगतीत जो आधी बसला तो पहिला, एवढंच तो जाणतो. आबांचा प्रोग्राम पहिला रिसीव्हर उघडायचा, माझा दुसरा. दोघांना वेगळं करायचं तर एक काढायचा, दुसऱ्याच्या पोटात नवा नंबर लिहायचा, मग उलटं करायचं, आणि दोन्ही प्रोग्रामना ते नंबर सांगायचे. दहा मिनिटांचं काम.

हे मी आबांच्या कानाशी ओरडून सांगितलं तेव्हा त्यांना ते मुळीच पटलं नाही.

"दोन जवानांना एकच नंबर?" ते म्हणाले. "मग रजा कुणाला द्यायची आन् शिक्षा कुणाला? आत्ताच्या आत्ता येगळं कर."

मी म्हटलं, चालतंय ना व्यवस्थित, पुढच्या खेपेला करते. मला सांगलीची एसटी गाठायची होती. आबांनी औषधाच्या पेटीतली चिकटपट्टी आणली, दोन तुकडे कापले आणि रिसीव्हरांना चिकटवून पेनानं १ आणि २ लिहिलं. मी हसले. कॉम्प्युटरला चिकटपट्टी वाचता येत नाही, असं काहीतरी बोललेही. तेव्हा मला ते फार हुशारीचं वाटलं होतं.

दोन-अडीच महिने सगळं सुरळीत चाललं. नोव्हेंबरच्या शेवटी काकांच्या नातीचं, समीक्षाचं लग्न ठरलं. ही समीक्षा म्हणजे त्या घरात काकांची जीभ. काकांनी तिला लहानपणीच मोर्स शिकवलं होतं. ते पाटावर बोटानं टकटक करत आणि ती घरच्यांना सांगे, आण्णांना चहा पाहिजे, आण्णा म्हणतात शेळी ओरडतेय. तिला पुण्याला दिलं.

लग्नाची पत्रिका माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर आली. काकांचा मुलगा पप्पू, त्यानं फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, सुभेदारांना घेऊन नक्की या. मी तो आबांना पाठवला. आबांनी तो पाहिला आणि त्यांचं डोकं फिरलं.

"अक्षत घिऊन कुणी आलं न्हाई," ते फोनवर म्हणाले. "पोराच्या हातानं पाठवायची हुती. मी काय भाजीवाला हाय व्हय, फोटो बघून लग्नाला जायला?"

आमचं फोनवरचं बोलणं असं असतं: आबा बोलतात आणि फोन ठेवतात, मग मी उत्तर टाइप करते. मी टाइप केलं, त्यांच्या घरी माणूस कमी आहे, जाऊन या. आबा गेले नाहीत. माझ्या कॉलेजात परीक्षा चालू होत्या, मीही गेले नाही. लग्न शनिवारी होतं आणि त्याच दुपारी औंधला चार तास लाइट गेली. आली तेव्हा कॉम्प्युटर आपोआप सुरू झाला आणि सुरू होताना त्याला माझा रिसीव्हर आधी भेटला.

रविवारी आठ वाजता आबा अंघोळ करून बसले. पडदा निळा. साडेआठपर्यंत निळाच. नऊला त्यांचा फोन आला.

"आकाराम आज आला न्हाई. मशिनीत कायतरी बिघाड हाय. ह्यो कॉम्प्युटर दुसऱ्याच कुणाला तरी बोलवाय लागलाय."

आबांनी हे अगदी याच शब्दांत सांगितलं होतं. मी सांगलीतून त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये शिरले. पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं: रिसीव्हर सापडला, चालू आहे. मी लिहिलं, आबा, सगळं ठीक आहे. लग्नाला गेला नाहीत, रुसले असतील काका.

ही मी केलेली गंमत. त्यापुढं एक हसरा चेहराही टाकला होता.

आबांनी ती गंमत म्हणून घेतली नाही, खरी गोष्ट म्हणून घेतली. पुढच्या रविवारी त्यांनी सेटवरून तीनदा हाक मारली. खटका फिरवून पडद्यापुढं बसले. निळं. त्यापुढच्या रविवारी परत तेच. त्यांच्या मनात आता पक्कं झालं होतं की आकारामनं बोलणं टाकलं. मी त्यांना एकदा लिहिलं, पप्पूला फोन लावून विचारू का? तर त्यांनी साफ सांगितलं, "मधी पडू नगंस. आमचं आमी बघतो. त्यानं न्हाई तोंड उघाडलं तर म्या का दाराशी जायाचं?"

याच दिवसांत माझी विमानं बंद पडली होती. लग्नाच्या शनिवारपासून मोजणीत शून्य. मला वाटलं, औंधच्या माकडांनी अँटेना वाकवला असणार, पुढच्या खेपेला गेले की बघू. एका घरात एकाच दिवशी एका रिसीव्हरला काही ऐकू येईना आणि दुसऱ्यालाही येईना. पहिल्या वर्षाच्या पोरानंही सांगितलं असतं की त्यांची अदलाबदल झालीय. मी हे वर्गात शिकवते. मला ते सुचलं नाही, कारण एक तक्रार माझी होती म्हणून खरी होती आणि दुसरी म्हाताऱ्याची होती.

तिसऱ्या रविवारनंतर पप्पूचा फोन आला. मी पेपर तपासत होते.

"ताई," तो म्हणाला, "आण्णा लय अस्वस्थ हाईत. रविवारी की दाबून झाली की खुणा करत्यात, कानाला हात लावत्यात, मान हालवत्यात. समी हुती तवा कळायचं. मला वाटतंय सुभेदारांना आमचं पोचत नसावं. तिकडं काय बिघाड हाय का?"

"आमच्याकडं सगळं ठीक आहे, पप्पूदादा," मी म्हणाले. "मी स्वतः तपासलंय. तुमचीच तार बघा."

एवढं बोलून मी फोन ठेवला. हा फोन आल्याचं आबांना सांगितलं नाही. मधे पडू नकोस म्हणाले होते ना, मग नाही पडले. खरं म्हणजे विसरले.

पाचव्या रविवारी आबांनी सेटवरून शेवटचं पाठवलं. ते मला नंतर कळलं. त्यांनी आधी स्वतःचं नाव पाठवलं, मग काकांचं, आणि मग: बास, आता परत बोलवणार नाही. सेटवर कापड टाकलं आणि उठले.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात पप्पूचा परत फोन आला. आण्णा गेले. दुसरा झटका, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं.

ही बातमी टाइप करून पाठवायची नव्हती. मी त्याच सकाळी गाडी काढून औंधला गेले. आबांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. ते ओसरीवर बसले होते, बसूनच राहिले. म्हणाले, "रुसूनच गेला." मग आत जाऊन आडवे झाले आणि तोंड भिंतीकडं केलं.

मला घरात काही सुचेना. हाताला चाळा हवा म्हणून मी कॉम्प्युटरपुढं बसले. म्हटलं, निदान विमानांचं काय झालंय ते बघावं. दोन्ही प्रोग्राम चालू होते. तार तपासायची म्हणून मी १ ची चिकटपट्टी लावलेला, आबांचा रिसीव्हर उपसून काढला. आबांचा निळा पडदा थांबायला हवा होता. तो थांबला नाही. वाहतच राहिला. थांबला तो माझा विमानांचा प्रोग्राम.

मी तो रिसीव्हर हातात धरून बसले. लग्नाच्या दिवसापासून आबा माझ्या विमानांच्या अँटेनापुढं बसून आकारामकाकांची वाट बघत होते. आणि छतावरची लांब तार, जिच्यावर काका दर रविवारी येत होते, ती माझ्या प्रोग्रामला जोडलेली होती, आणि त्याला त्यातलं अक्षर कळत नव्हतं.

मग मी दोघांच्या पोटात वेगळे नंबर लिहिले. घड्याळ लावून बघितलं नाही, पण दहा मिनिटंसुद्धा लागली नसतील. कॉम्प्युटर तीनदा बंद-चालू केला. तिन्ही वेळा ज्याचा त्याला मिळाला. आबांना सांगायला उठले, दारापर्यंत गेले, आणि भिंतीकडं वळलेली त्यांची पाठ पाहून परत आले.

तिसऱ्या दिवशी आम्ही आटपाडीला गेलो. म्हसवड, दिघंचीवरून रस्ता. मला वाटलं होतं आबा येणार नाहीत, पण ते पहाटेपासून फेटा बांधून तयार होते. वाटेत मी दोनदा गाडी कडेला घेतली, सांगायचं म्हणून. दोन्ही वेळा काचा पुसल्या आणि पुढं निघाले.

काकांच्या अंगणात माणसं बसली होती. पप्पूनं आबांना खुर्ची दिली, आबा खाली घोंगड्यावर बसले. समीक्षा पुण्याहून आली होती. तिनं आतून एक वही आणली आणि आबांच्या पुढ्यात ठेवली. रेडिओवाल्यांना प्रत्येक बोलण्याची नोंद ठेवावी लागते, तारीख, वेळ, कुणाशी, किती स्वच्छ. काकांची ती वही. शेवटची पानं डाव्या हातानं लिहिलेली, अक्षरं लहान मुलासारखी.

"मी काल वाचली," ती माझ्याकडं बघत म्हणाली. "इथं कुणाला काही कळलंच नव्हतं."

आबांनी चष्मा लावला. मी त्यांच्या खांद्यावरून वाचत होते.

लग्नानंतरचा पहिला रविवार: लाला आला नाही. मी अर्धा तास बोलावलं. दुसरा: लाला पाच नऊ नऊ. म्हणजे आबांचा सिग्नल अगदी स्वच्छ येत होता. पुढं: मी उत्तर दिलं. त्याला पोचलं नाही. तिसरा: परत तेच. माझा सेट कमजोर झालाय. चौथा: पप्पूनं तार लिंबावर चढवली. राजेश्वरी म्हणते त्यांच्याकडं सगळं ठीक आहे. म्हणजे लालाला ऐकू जातंय. बोलत नाही. अक्षत पाठवली नाही म्हणून. माझी चूक.

पाचवा: लाला पाच नऊ नऊ. बास म्हणाला.

त्याखाली आणखी तीन रविवार होते. प्रत्येकापुढं आठ ते साडेआठ अशी वेळ, आणि एकच ओळ. माफी मागितली. उत्तर नाही.

आबांनी ते पान दोनदा वाचलं. मग 'राजेश्वरी' या माझ्या नावावर बोट ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं.

"तू ह्यांना कवा सांगितलंस?"

आबांशी हळू बोलता येत नाही. कुजबुजून काही सांगायचं तर ते त्यांना ऐकू जाणार नाही. मी त्यांच्या डाव्या कानाशी वाकले आणि ओरडून सांगितलं, त्या भरल्या अंगणात, काकांच्या सगळ्या गोतावळ्यापुढं. पप्पूदादाचा फोन आला होता. मी सांगितलं आमच्याकडं ठीक आहे. ठीक नव्हतं. दोन्ही रिसीव्हरांना एकच नंबर होता, लाइट गेली तेव्हा त्यांची अदलाबदल झाली. काका बोलत होते, आबा. दर रविवारी बोलत होते. तुम्ही चुकीच्या अँटेनाकडं बघत होता. मी नीट बघितलं नाही.

मधेच माझा आवाज फाटला आणि आबांना ऐकू आलं नाही, म्हणून शेवटचं वाक्य मला परत ओरडावं लागलं.

पप्पू जमिनीकडं बघत होता. आबांनी वही मिटली, समीक्षाच्या हातात दिली, आणि तिच्याच हाताचा आधार घेऊन उठले. अंगणाच्या कडेला लिंब होता. ते त्याच्याखाली जाऊन उभे राहिले आणि वर बघायला लागले. तार अगदी शेंड्याजवळ, बारक्या फांदीला बांधली होती.

"लय वर चढलास रं," ते पप्पूला म्हणाले.

"आण्णा खालनं हात करत हुतं," पप्पू म्हणाला. "आजून वर, आजून वर."

आबांना ते ऐकू गेलं नाही. समीक्षानं त्यांच्या कानाशी सांगितलं. मग ते रडले. त्यांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आई गेली तेव्हाही नाही.

परतीच्या वाटेवर मी काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. म्हटलं, चूक माझी आहे, आबा. ते म्हणाले, "व्हय, तुझी हाय." त्यांनी ती माझ्याकडून काढून घेतली नाही, आणि थोडी आपल्याकडं ठेवतो असंही म्हणाले नाहीत. मला वाटतं ते बरोबरच केलं.

माझा रिसीव्हर मी औंधहून काढून आणला. निबंध लिहायचा राहिला तो राहिलाच.

मला वाटलं होतं आबा आता सेटला हात लावणार नाहीत. पण पुढच्याच रविवारी आठ वाजून पाच मिनिटांनी त्यांचा फोन आला. "जरा आत शिरून बघ," ते म्हणाले, "बरोबरचाच उघाडलाय न्हवं?" मी हातातलं काम टाकलं, त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये गेले. आता तिथं एकच रिसीव्हर होता, पोटात स्वतःचा नंबर असलेला, लांब तारेला जोडलेला. तरी मी नंबर ताडून पाहिला. कुठंतरी दूरवर कुणी दोघं आपसात बोलत होते, त्यांच्या रेघा पडद्याच्या कडेनं उतरत होत्या. काकांच्या खुणा जिथं उमटायच्या ती जागा मोकळी होती. मी टाइप केलं: बरोबरचाच आहे, आबा. तार चांगली आहे. सगळं ठीक आहे.

तेव्हापासून एकही रविवार चुकलेला नाही. आठला ते विचारतात, मी ताडून बघते, आणि तेच उत्तर पाठवते. ते वाचून आबा परत फोन करतात. मी फक्त ऐकते, कारण माझं त्यांना ऐकू जाणार नसतं.

"म्हंजे मशिनीत काय न्हाई," ते म्हणतात. "म्हंजे आकारामच न्हाई."